चौघाचौघांची वरात

खणाच्या कोऱ्या कापडाला एक वास असतो, खळीचा आणि रंगाचा मिळून. आमचं हुबळीचं घर त्या वासात मुरलेलं होतं. खाली दुकान, वर आम्ही. गुळेदगुड्डहून खणांचे गठ्ठे यायचे, ते जिन्याखाली रचून ठेवलेले असायचे आणि आम्ही पोरं त्यांच्यावर बसून भाकरी खायचो म्हणून अप्पांच्या शिव्याही खायचो. आमचे पणजोबा गडहिंग्लजकडून पाठीवर कापड टाकून इकडं आले ते इथलेच झाले. त्यामुळं दुकानात कन्नड, स्वैपाकघरात मराठी, आणि भांडण पेटलं की दोन्ही. सकाळी रेल्वेच्या कारखान्याचा भोंगा झाला की आई तव्यावर पहिली भाकरी टाकायची. ज्वारीची भाकरी, गुरेळाची चटणी आणि वर लोण्याचा गोळा. गुरेळ म्हणजे कारळं. गडहिंग्लजकडच्या पाहुण्यांना हे दर वेळी सांगावं लागायचं. आता माझ्या नाकाला फारसं काही कळत नाही, पण कुणी कोरा खण उलगडला की मला पहिल्यांदा आठवते ती माझी थोरली बहीण, कमळाताई. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती खणांच्या त्रिकोणी घड्या घालायची. तिच्यासारखी घडी गावात कुणाला जमायची नाही, हे मी बहीण म्हणून सांगत नाही, व्यापारी सांगायचे.

कमळाताई लहानपणी जिन्यावरून पडली होती. डावा पाय किंचित ओढून टाकायची, एवढंच. घरात आम्हाला ते दिसायचंही नाही. पण त्या काळी मुलगी बघायला आले की तिला खोलीत चालून दाखवायला लावायचे. एका पाहुण्यांनी तिला तीनदा चालायला लावलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि तिसऱ्या वेळी त्यातल्या एका बाईनं खाली वाकून पावलाकडं बघितलं. अहो, बैल घेताना तरी एवढं बघतात का? तरीही सुपारी फुटली. मग दोन महिन्यांनी त्यांनी 'जरा पुढं ढकलू' म्हणून निरोप पाठवला आणि ते पुढं ढकललेलं लग्न आजतागायत पुढंच आहे. त्यानंतर ताईचं हसणं गेलं. ती चिडली नाही, रडली नाही, नुसती मागच्या खोलीत बसून घड्या घालत राहिली. बाहेर जायचं नाव काढलं की म्हणायची, "नको गं, इथं बरं आहे." मला तिचा राग यायचा आणि त्या लोकांचा त्याहून जास्त यायचा.

दोन वर्षांनी धारवाडचं स्थळ आलं. मुलगा शाळेत चित्रकलेचा मास्तर. वडील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळं गाव रावसाहेब म्हणायचं. पायाचं आम्ही आधीच कळवलं होतं. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं आणि मास्तरांनी एकदम विचारलं, "तुम्हाला चालायला आवडतं का?" आईचा चेहरा पडला. अप्पांनी पान लावता लावता हात थांबवला. ताई बिचारी सवयीनं उठायला लागली, तसे मास्तर गडबडून म्हणाले, "नाही, नाही, चालून दाखवायला नको. नुसतं विचारतोय. मी झाडांची चित्रं काढतो, त्यासाठी रोज फार हिंडतो. बरोबर कुणी आलं तर बरं, म्हणून." ताई काही बोलली नाही, आणि त्या दिवशी बोलायची रीतही नव्हती. पण त्यानंतर मी तिला मागच्या खोलीत एकटीच गुणगुणताना ऐकलं. तिला हाच नवरा हवा होता. मला तेव्हा तेरावं चालू होतं, पण एवढं कळत होतं.

ते वर्ष चलेजावचं. हुबळीत रेल्वेचा कारखाना, म्हणून पोलिसांचा डोळा तिथं जास्त. दिवेलागणीनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. त्या मानानं धारवाड शांत, असं सगळे म्हणाले, आणि लग्न मुलाच्या गावी, तिथल्या एका मठात करायचं ठरलं. पत्रिका छापायला टाकल्या तर त्या छापखान्यालाच पोलिसांनी सील ठोकलं. आमच्या पत्रिकांचे ठसे आतच राहिले. रावसाहेबांचं पत्र आलं: पत्रिका नाहीत तर नाहीत, पण आमच्या धारवाडच्या प्रत्येक घरी वधूपक्षाच्या सवाष्णीनं जाऊन कुंकू लावून अक्षत दिली पाहिजे, आणि नवरदेव वाजतगाजत मांडवात आला पाहिजे. 'माणसांविना लग्न आमच्याकडे झालेलं नाही,' असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं, आणि खाली रेघ मारली होती. आईचे गुडघे सुजलेले, ती जिनासुद्धा बसत बसत उतरायची. म्हणून गदगहून आत्याला बोलावणं गेलं, आणि आत्याबरोबर अक्षतीची वाटी धरायला मी निघाले.

गदगची आत्या म्हणजे एक प्रकरणच होतं. उंच, नाकात मोठी नथ, आणि तोंडाला कुलूप कसलं ते नाही. आगगाडीत पोलिसानं बोचकं सोडायला लावलं तर तिनं त्यालाच एक धपाटं खायला दिलं आणि वर विचारलं, "आई आहे का रे तुला? मग असा वाळलास कशानं?" आम्ही धारवाडला मालमड्डीत दोन खोल्या घेऊन उतरलो आणि दुसऱ्या दिवसापासून पायपीट सुरू झाली. धारवाड आम्हा दोघींनाही परकं. हुबळीत रस्ता ओळखायचा तो दुकानावरून; धारवाडात झाडांवरून ओळखायचा. रावसाहेबांनी मोडीत लांबलचक यादी करून दिली होती, तिच्यात घरांचे पत्ते असे: 'मोठ्या चिंचेपासून खाली उतरून विहिरीशी डावीकडं'. आता त्या गावात चिंच कुठं नाही आणि विहीर कुठं नाही? होसयल्लापूरला जायला निघालो की हेब्बळ्ळी अगसीला, म्हणजे भलत्याच वेशीला, पोचायचो. चढ चढायचो, उतार उतरायचो, तांबड्या मातीनं पाय घोट्यापर्यंत रंगायचे. एकाच विहिरीवर आम्ही सकाळपासून तिसऱ्यांदा आलो तेव्हा पाणी भरणारी एक बाई म्हणाली, "अक्का, ह्या विहिरीचंबी लग्न हाय काय? परत परत कुंकू लावायला येताय!" आत्यानं खरोखरच विहिरीच्या काठाला कुंकवाचं बोट लावलं आणि त्या बाईलाही लावलं. मग ती आम्हाला पुढच्या घरापर्यंत पोचवायला आली.

रीत अशी होती. आत्यानं कुंकू लावायचं, मी वाटीतली चिमूटभर अक्षत समोरच्याच्या हातावर ठेवायची, आणि म्हणायचं, "आमच्या घरी लग्न आहे, नक्की यायचं." कन्नड घर असेल तर, "नम्म मन्याग मदुवी ऐति, तप्पद बर्री." एकदा हातात अक्षत पडली की तो माणूस आपला पाहुणा. आपल्याला ती परत घेता येत नाही आणि त्यालाही ती टाकता येत नाही. घरी नेऊन देवापुढं ठेवायची. पहिल्याच दिवशी आम्ही चुकून भलत्याच घरात शिरलो, अकरा माणसांना अक्षत देऊन बसलो आणि बाहेर आल्यावर कळलं की यादीतलं घर पलीकडचं. मी घाबरले. आत्या म्हणाली, "गेली ती गेली. अकरा पानं वाढली, आणखी काय?" प्रत्येक घरी खायला ठेवायचे. गूळ-शेंगा, चुरमुरे, कुठं होळगी म्हणजे पुरणपोळी, कुठं दूध. नाही म्हटलं तर त्यांना राग, हो म्हटलं तर माझ्या पोटाला. तिसऱ्या दिवशी माझी अशी अवस्था झाली होती की समोर कुणी हात पसरला की माझी बोटं आपोआप वाटीत जायची. तोंड आपोआप बोलायचं. डोकं त्यात कुठंच नसायचं.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची चार-पाच घरं राहिली होती. आत्यानं आत्मविश्वासानं एक बोळ धरला आणि बोळ संपला तिथं चौक लागला. चौकात रस्त्याला आडवा दोर बांधलेला. दोराच्या पलीकडं पोलीस. आमच्या हुबळीच्या नाक्यावर दंडुका घेऊन बिडी ओढत उभे राहायचे तसले नव्हेत. निळे कपडे, पायाला पट्ट्या, खांद्यावर बंदुका आणि बंदुकीच्या टोकाला संगिनी. इतक्या जवळून संगीन मी कधी बघितली नव्हती. ऊन तिच्या पात्यावर होतं. कुठं तरी तार तोडली होती म्हणून सकाळपासून धरपकड चालली होती, हे आम्हाला नंतर कळलं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. दोन अनोळखी बायका, काखेत झोळी, हातात खुणा केलेली लांबलचक यादी, आणि घराघरांतून हिंडणं. पोलिसाला दुसरं काय वाटणार?

"निल्री! थांबा!" एक हवालदार पुढं आला. पिळदार मिशा, काळासावळा, तोंडावर देवीचे वण. "कुठं चाललात? तो कागद कसला? चिठ्ठ्या वाटताय काय? दाखवा!" असं म्हणून त्यानं उजवा हात माझ्यासमोर पसरला.

मी आजही शपथेवर सांगते, मी काहीही विचार केला नाही. समोर पसरलेला तळवा दिसला, माझी बोटं वाटीत गेली, आणि मी त्याच्या हातावर अक्षत ठेवली. वर स्पष्ट आवाजात म्हटलं, "नम्म मन्याग मदुवी ऐति, तप्पद बर्री."

हवालदार आपल्या तळव्याकडं बघत राहिला. डाव्या हातात बंदूक, उजव्या हातात लाल-पिवळे तांदूळ. आत्यानं यादी पुढं केली, "घे, बघ." तर घेणार कशानं? मूठ उघडली तर अक्षत सांडते, बंदूक सोडली तर नोकरी जाते. त्याच्या कपाळावर घाम आला. मी आता तुरुंगात जाणार आणि ताईचं लग्न माझ्यामुळं मोडणार, एवढंच माझ्या डोक्यात भरलं, आणि मी मोठ्यानं भोकाड पसरलं.

"अळू ब्याड तंगी, रडू नको," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम घरातल्यासारखा झाला. "कुणाचं लग्न?"

"हिच्या बहिणीचं," आत्या म्हणाली, आणि मग तिची जीभ सुटली. पहिलं स्थळ, तीनदा चालवून बघणं, पुढं ढकललेलं लग्न, सील ठोकलेला छापखाना, सगळं तिनं त्या चौकात उभ्या उभ्या सांगितलं. हवालदार ऐकत होता. तो अळणावरकडच्या एका खेड्यातला, बसप्पा नावाचा. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. ऐकता ऐकता त्यानं बंदूक कोपरात धरली आणि अक्षत अगदी सांभाळून छातीवरच्या खिशात घातली, वर गुंडी लावली.

"अव्वा, लग्न करा," तो म्हणाला, "पण मठाच्या आत. रस्त्यावर वरात निघायची नाही. कालच हुकूम आलाय. पाच माणसं एका ठिकाणी दिसली की उचलायची. मग नवरदेव असो नाहीतर कुणी असो."

आत्यानं नथ सारखी केली. मग म्हणाली, "आणि चार दिसली तर?"

"चार?" बसप्पानं मिशीला हात लावला. मागं वळून दुसऱ्या शिपायाकडं बघितलं. "चाराचं काही सांगितलेलं नाही."

संध्याकाळी रावसाहेबांच्या ओसरीवर गेलो तर तिथं सुतक असल्यासारखी सगळी बसलेली. हुकमाची दवंडी त्यांनीही ऐकली होती. हुबळीहून अप्पा, आई आणि ताई त्याच दुपारच्या गाडीनं आलेले. रावसाहेब खांबाला टेकून म्हणाले, "वाजंत्री नाहीत, मिरवणूक नाही, लोक काय म्हणतील? दिवस बरे नाहीत. मला वाटतं, जरा पुढं ढकलू."

जरा पुढं ढकलू! तेच शब्द. मी दाराआड उभ्या असलेल्या ताईकडं बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि आत वळली. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, मी एकटा चालत मठात जातो. मला वाजंत्री नकोत." रावसाहेब म्हणाले, "तुला नकोत, पण आपल्या घराला हवीत." बाप-लेकाचं जुंपणार एवढ्यात आत्या पदर खोचून मधे आली.

"रावसाहेब, तुम्ही कचेरीत जन्म काढलात. मला एक सांगा. हुकूम पाचांवर आहे ना? मग चौघं चौघं गेली तर हुकूम मोडतो का?"

रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या माणसानं तीस वर्षं सरकारी कागद वाचले होते. "चौघं," ते हळूच म्हणाले. "चौघं, आणि दुसरी चौघं त्यांच्यापासून लांब. किती लांब?" मग ते ताडकन उठले. "नियमात बसतंय! अहो, नियमात अगदी चोख बसतंय! बोरू आणा!" आणि मग त्या रागीट, ताठ म्हाताऱ्यानं जमिनीवर कागद पसरून जी काही आखणी केली, ती बघायला हवी होती. कोणत्या चौघांत कोण, कोणामागं कोण, दोन टोळ्यांत तीस पावलं. सनईवाला पहिल्या चौघांत, सूर धरणारा तिसऱ्यात, संबळवाला सहाव्यात. एका काकांना व्याह्यांशेजारी चालायचं नव्हतं तर त्यांना दरडावलं, "हा सरकारी हुकूम आहे, तुमची मर्जी नाही!" मी आत जाऊन ताईला सगळं सांगितलं. तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला.

लग्नाचा दिवस उजाडला. दुपारचा मुहूर्त. मुलीकडच्यांनी नवरदेवाला आणायला जायचं, म्हणून आत्या आणि मी रावसाहेबांच्या घरी गेलो. आणि निघता निघता गुरुजींनी खोडा घातला: नवरदेवाशेजारी वधूपक्षाचं कुणीतरी अक्षतीची वाटी घेऊन हवं. नवरदेव, करवली म्हणून कलश घेतलेली त्याची बहीण, छत्री धरणारे मामा, आणि एक मित्र. चार झाले होते. रावसाहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "जा गं पोरी, तू चाल. एवढीशी पोर कोण मोजतंय?" इतका काटेकोर माणूस, पण घाईत तोही चुकला.

निघाली ती वरात मी पुन्हा जन्मात बघितली नाही. पुढं सनई, तीस पावलं मोकळा रस्ता, मग चार काका, मग मोकळा रस्ता, मग सूर. संबळ इतकं मागं की सनईचा एक आलाप संपून दुसरा सुरू झाला की पहिल्याचा ठेका यायचा. लोक दारांत, गच्चीवर, झाडांवर. कुणीतरी ओरडलं, "अरे, वरात आहे का मुंग्यांची रांग?" आणि हशा पिकला. पण त्या हशात दोन महिन्यांच्या धरपकडीचं काहीतरी सुटलं असावं, कारण मग एकेक दारातून बायका ओवाळायला यायला लागल्या. आत्या लांबून ओरडायची, "एक जण या! एकच! ओवाळा आणि मागं व्हा!"

आणि मग तो चौक आला. तोच दोर, त्याच संगिनी. आज बरोबर फौजदारही होता, खुर्चीवर बसलेला. त्यानं सनईवाल्याला अडवलं. "ही मिरवणूक आहे."

"चौघं आहोत साहेब," पुढच्या टोळीतले रावसाहेब शांतपणे म्हणाले. "मोजा."

"आणि मागचे?"

"मागून कोण येतंय ते मला कसं ठाऊक? रस्ता सरकारचा आहे."

फौजदारानं दात-ओठ खाल्ले. "हवालदार, मोज!" आणि बसप्पा दोराशी उभा राहून मोजायला लागला. पहिली टोळी. "नाल्कु!" म्हणजे चार, जाऊ दिली. दुसरी. "नाल्कु!" तिसरी. "नाल्कु!" मग आम्ही आलो. बसप्पाची नजर नवरदेवावरून, करवलीवरून, मामांवरून, मित्रावरून माझ्यावर आली आणि थांबली. त्याचं तोंड उघडं राहिलं, पण आकडा बाहेर पडला नाही. फौजदार खुर्चीवरून उठला. त्यानं स्वतः बोट दाखवत मोजलं. "पाच."

शिपाई पुढं सरकले. पुढं गेलेली सनई थांबली. मागचं संबळ थोडा वेळ वाजत राहिलं आणि मग तेही थांबलं. मठात ताई गौरीहरापाशी बसली असेल, मुहूर्त जवळ येत असेल, हे मला कळत होतं.

बसप्पा दोराखालून वाकून आला. त्यानं माझं मनगट धरलं आणि मला त्या चौघांतून बाहेर ओढलं. मी डोळे गच्च मिटले. आणि मग माझ्या डोक्यावरून त्याचा आवाज आला, "ही त्यांच्यातली नाही साहेब. ही माझ्याबरोबर आहे."

"तुझ्याबरोबर? ही कोण तुझी?"

"हिनं मला बोलावणं दिलंय." त्यानं खिशाची गुंडी काढली आणि आतली अक्षत दाखवली. "घेऊन बसलोय. आता नाही म्हणता येत नाही."

फौजदार त्या तांदळांकडं बघत राहिला. तो कुठला कोण, मला माहीत नाही. पण त्याच्याही घरात कधीतरी कुणाचं लग्न झालंच असेल. त्यानं टोपी सारखी केली, घसा खाकरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मग जा. ह्या लोकांवर नजर ठेव. मठापर्यंत जा, आणि मोजत राहा!"

असं मी माझ्या बहिणीच्या लग्नाला बंदूकधारी पोलिसाचं बोट धरून गेले. आम्ही दोघंच, हुकूम आमचं काही वाकडं करू शकत नव्हता. सनई पुन्हा सुरू झाली. माझी छाती इतकी फुगली होती की परकराची नाडी तुटेल असं वाटत होतं. बसप्पा मठाच्या उंबऱ्याबाहेर बूट घालून उभा राहिला; आत यायला पट्ट्या सोडाव्या लागल्या असत्या. अंतरपाट दूर झाला, 'सावधान' झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आणि सगळ्यांच्या मागून, दारातून, त्यानं खिशातली ती अक्षत काढून लांबवर भिरकावली. मी दिलेली तीच. त्यातले दोन दाणे ताईच्या मुंडावळीत अडकले. ताईनं मान वर करून बघितलं. दारात संगीन आणि मिशा, आणि ते बघून गडबडलेले गुरुजी. ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिचे दात बघितले, आणि आई तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

जेवणं झाली. बुंदी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, दहीभात. बसप्पानं उंबऱ्याबाहेरच उभ्यानं खाल्लं आणि बहिणीसाठी लाडू बांधून घेतले. मग वधूला घेऊन परत निघायचं. त्यासाठी अप्पांनी टांगा ठरवला होता, ताईचा पाय म्हणून. टांग्यात नवरा, नवरी, करवली आणि मी. तेवढ्यात रावसाहेब ओरडले, "थांबा! टांगेवाला धरून पाच होतात!" आता ते पुन्हा चुकणार नव्हते. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मठापासून घर चांगलं लांब, मधे दोन चढ, आणि सगळं गाव दारात उभं. अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "करवली मागून येईल, सुशी, तूही मागून ये, टांगा..."

"टांगा नको," ताई म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांदेखत. मग मास्तरांकडं वळली. "तुम्ही मला एक विचारलं होतं. मी उत्तर दिलं नव्हतं."

मास्तर म्हणाले, "हो. दिलं नव्हतंत."

"आवडतं," ताई म्हणाली. "चालते की मी."

आणि ती चालली. नऊवारी शालू, हिरवा चुडा, डावा पाय किंचित ओढत, मास्तर तिच्या पावलाला पाऊल जुळवत, पलीकडून करवली आणि अलीकडून मी. पुढं तीस पावलांवर सनई, मागं तीस पावलांवर आत्या. दोन वर्षं जी मागच्या खोलीतून बाहेर पडली नव्हती ती भर उन्हात धारवाडच्या तांबड्या रस्त्यावरून, सगळ्या गावाच्या नजरेसमोरून, मान वर करून चालत होती. या वेळी तिला कुणी चालून दाखव म्हटलं नव्हतं. चौकात आलो. शिपाई बंदुका घेऊन उभे होते, फौजदार खुर्चीवर होता. बसप्पा आमच्या आधी येऊन आपल्या जागेवर उभा राहिला होता. आम्ही दोराशी पोचलो, ताई थांबली नाही. शिपायानं दोर खाली सोडला. आणि बसप्पानं साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात मोजलं, "नाल्कु!"